ब्राइटहॉर्नच्या परवानगीबाबत

अल कुसैस, दुबई
१० एप्रिल २००३

श्री. वासुदेव यांना,

नमस्कार लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिते. त्यात आदर शोधत बसू नका.

तुमचं पाकीट आमच्या डेंटल क्लिनिकच्या पोस्ट बॉक्समध्ये आलं. आत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद होता. आमचा अल्पवयीन मुलगा आरव याने जुलैमध्ये वडिलांबरोबर स्वित्झर्लंडला जायला आईची काही हरकत नाही, असा मजकूर. खाली सहीसाठी रेघ, आणि सही कुठे करतात हे मला कळणार नाही म्हणून रेघेपाशी पेन्सिलीची फुली. वर पिवळी चिठ्ठी, 'प्लीज साइन अँड रिटर्न, अर्जंट.' घर सोडून अबू धाबीच्या खलिफा सिटीत राहायला गेलेल्या नवऱ्याने बायकोला दोन वर्षांत पाठवलेलं हे पहिलं पत्र.

हरकत आहे. म्हणून सही केलेली नाही.

हे ई-मेलनेही कळवता आलं असतं, पण तुमचे मेल तुमच्या ऑफिसातली ती रशीदा उघडते आणि 'सर सेशनमध्ये आहेत' असं उत्तर पाठवते. तुम्ही विमा विकणाऱ्या पोरांना आत्मविश्वास शिकवत असताना मध्ये व्यत्यय आणायची माझी इच्छा नाही. एसीचे डक्ट बसवत होतात तेव्हा निदान लोकांच्या घरात गारवा तरी यायचा.

तर डोंगराबद्दल. ज्या ब्राइटहॉर्नच्या जिवावर तुम्ही सात वर्षं व्यासपीठं अडवताय, तो मीही पाहिलाय. आल्प्समधल्या चार हजार मीटरच्या वरच्या शिखरांत सगळ्यात सोपं ते, असं तिथलं माहितीपत्रकच सांगत होतं. झरमॅटहून केबल कारने जवळजवळ सगळी उंची बसल्या बसल्या संपते. वर पोचल्यावर उरतं ते सपाट बर्फावरून चालणं आणि शेवटची एक चढण, मिळून तीनशे मीटरसुद्धा नाही. शेख झायेद रोडवरच्या त्या जोड टॉवरांतला मोठा टॉवर याहून उंच आहे. तिथल्या सत्तरीच्या बायका काठ्या टेकत जाऊन येतात आणि खाली उतरून सूप पितात. त्यांचा सत्कार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तुम्ही मात्र 'चौदा हजार फूट' म्हणता आणि केबल कारची स्लाइड गाळता.

आता तुम्ही आरवला फोनवर सांगितलंत म्हणे, की यंदा गाइड नको, आपण बापलेक दोघंच जाऊ, वाट मला पाठ आहे. वाट पाठ असेलही. ती तुम्ही स्लाइड दाखवून पाठ केली आहे. चालला आहात एकदाच, आणि परत येताना तर तुम्हाला धरून आणलं होतं. त्या सपाट बर्फाखाली भेगा आहेत हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि गाइड का नको तेही मला कळतं. झरमॅट लहानसं गाव आहे, तुम्हाला ओळखणारा माणूस तिथे अजून असेल.

माझ्या दोन अटी आहेत. गाइड पाहिजे. आणि निघण्याआधी त्या दिवशी वर काय झालं ते आरवला तुम्ही स्वतः सांगायचं. मी सांगितलेलं नाही. तो पंधरा वर्षांचा होईपर्यंत हरभऱ्याच्या झाडावर बसलेल्या बापाकडे मान वर करून बघत आलाय. त्याच बापाच्या दोराला त्याला बांधायचं, तर आधी तो बाप कोण आहे हे त्याला कळलं पाहिजे.

आरवला तसाही यात फारसा रस दिसत नाही. दहावीची परीक्षा संपल्यापासून लोळत असतो. आणि तुमचा तो निळा जाड कोट शोधू नका, मी मागेच कुणालातरी देऊन टाकला.

कुंदा


अल कुसैस
२८ एप्रिल २००३

श्री. वासुदेव यांना,

तुमचं दोन पानी उत्तर वाचलं. पहिलं पान माझ्या नकारात्मक विचारसरणीबद्दल आहे, ते मी सोडून देते. दुसऱ्यात लिहिलंय, की वर काय झालं हे मला माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही, मी तर केबल कारच्या स्टेशनवर चॉकलेट पीत बसले होते.

बसले होते. तुमच्याबरोबर वर गेलेल्या ॲल्फ्रेडची बायको जोसेफिन आणि मी रांगेत उभ्या होतो. आरव बाहेर गॅलरीत बर्फाचे गोळे करत होता. ऊन असं लख्ख होतं की डोळे उघडवत नव्हते. एका बाजूला स्कीवाली मंडळी भर जुलैत घसरत होती, पलीकडे इटली, आणि समोर तुमचा पांढरा, रुंद, आळसावलेला डोंगर. मला तो आवडला होता. तुम्ही त्याच्याबद्दल इतकं बोललात की पुढे त्याचं नाव ऐकलं तरी मला जांभई यायला लागली. पण त्या दिवशी खरंच वाटलं होतं, आपणही जायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, बायकांना झेपायचं नाही. शेजारून दोन आज्या दोर बांधून निघाल्या होत्या.

वर काय झालं ते मला ॲल्फ्रेडने त्याच संध्याकाळी सांगितलं. गावातल्या डॉक्टरकडे, तुम्ही आत पाय दाखवत होतात तेव्हा. वसईचा माणूस, दुबईच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आयुष्य घालवलेला, त्याला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण तेव्हा तो इतका हादरला होता की त्याला ते सुचलं नाही. त्याचे शब्द मला पाठ आहेत.

"वहिनी, मी उलटी करत होतो, गाइड मला धरून होता. मागे वळून बघतो तर ह्याने शूज काढलेले. सॉक्सवर उभा, हात जोडून. आमच्यात चर्चमध्ये शूज घालूनच जातात, म्हणून मला आधी कळेचना हा करतोय काय."

तुम्ही काय करत होतात ते मला मात्र लगेच कळलं. दुबईत करामाच्या दुकानातून घेतलेला नारळ सामानात कशाला, हे मी निघतानाच विचारलं होतं. नवी गाडी घेतली की नारळ, नव्या साइटवर पहिला एसी लागला की नारळ, मग एवढ्या उंचीवर पोचून देवाला नारळ नाही ठेवायचा तर कुठे ठेवायचा. छोटा पितळी गणपती बर्फावर मांडलात. आणि पायात बूट घालून देवाला हात लावायचा नाही, म्हणून बुटांचे लोखंडी काटे सोडलेत, नाड्या सोडल्यात, बूट उतरवून शेजारी जोडीने ठेवलेत. देवळाबाहेर ठेवतात तसे. चार हजार मीटरवर, उतारावर. त्यातला एक घसरला आणि कडेपलीकडे गेला, ज्या बाजूला कुणी उतरत नाही.

पुढचं गाइडने केलं. तुमच्या पायाला स्वतःचे जादा हातमोजे बांधले, वरून ड्यूटी फ्रीची प्लास्टिकची पिशवी बांधली, आणि दोन-अडीच तास तुम्हाला ओढत, धरत, बसवत स्टेशनवर आणलं. पायाची दोन बोटं गेली. जन्मभराचा पर्वतारोही झालात तो असा.

ही सगळी हकिकत आरवला सांगायला पाच मिनिटं पुरतात. गाइडची अट तुम्ही मान्य केल्याचं लिहिलंत. दुसऱ्या अटीबद्दल 'योग्य वेळी बघू' म्हणता. व्हिसाच्या रांगेत योग्य वेळेची वाट कुणी बघत नाही.

कुंदा

ता. क. घरात एसी सोळावर असतो. आरव म्हणतो थंडीची सवय करायचीय. तुमचा निळा कोट घालून झोपतो. दिला नव्हता मी कुणाला, माळ्यावर होता, त्याने तो काढला.


अल कुसैस
१३ मे २००३

श्री. वासुदेव यांना,

काल तुम्ही क्लिनिकमध्ये फोन केलात. समोर पेशंट तोंड उघडून बसलेला, डॉक्टर फाइल मागतायत, आणि तुम्ही म्हणताय, "कुंदा, मुलाच्या मनातून मला उतरवून तुला काय मिळणार?" मी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला. उत्तर लिहून देते, म्हणजे ते रशीदालाही फाइल करता येईल.

मला काही मिळणार नाही. मिळवायचं असतं तर सात वर्षं होती.

खोटं तुम्ही सुरू केलं नाहीत, हे मी मान्य करते. तेवढी कल्पनाशक्ती तुमच्यात नव्हती. परत आल्यावर दुबईत ऊद मेथाच्या हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळाने सत्कार ठेवला. सेक्रेटरी सूर्यकांतने विचारलं, बूट कुठे गेला, तुम्ही म्हणालात, वरच राहिला. त्याला भाषणात काहीतरी रंगवून सांगायचंच होतं. त्याने माइकवर ठोकून दिलं, की वादळात एका परदेशी मुलीचा बूट फाटला आणि आपल्या वासुदेवरावांनी स्वतःच्या पायातला काढून दिला. शाल पांघरलेल्या तुम्ही मान खाली घातलीत. लोकांना तो विनय वाटला. मी पहिल्या रांगेत होते, शेजारी आरव होता. मला वाटलं, आता उठाल, हसाल, म्हणाल, अहो तसं काही नाही. तुम्ही नारळ घेतलात आणि फोटोला उभे राहिलात.

मग तुम्हाला त्याची चटक लागली. शारजा, अबू धाबी, मस्कत, बहारीन. ती मुलगी इटालियन झाली. पुढे तिला आजारी आई आली. मग तिने म्हणे तुम्हाला पत्र पाठवलं. नोकरी सोडून तुम्ही 'शिखर तुमच्या आत आहे' विकायला लागलात. आत काय आहे ते मला माहीत होतं, मी रोज डबा भरत होते.

सांगू का, मला कशाची चीड येते? त्या नारळाची नाही. बर्फात मोज्यांवर उभं राहून, कुणी बघत नसताना हात जोडणारा माणूस मला परका वाटला नाही. ॲल्फ्रेडने सांगितलं तेव्हा मी रडले होते, आणि ते तुमच्या वेडेपणापायी नव्हे, प्रेमाने रडले होते. तुमच्या आयुष्यात कुणाला दाखवण्यासाठी न केलेली तेवढी एकच गोष्ट होती. आणि नेमकी तीच झाकायला तुम्ही एक इटालियन बाई आणून उभी केलीत. खरं सांगायची लाज वाटावी असं त्यात काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये तुमचं लेक्चर संपल्यावर कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. 'वहिनी, साहेब बूट देऊन आले हे ऐकलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' मी हसले. ठरवून नाही, पण माइक हातात होता, त्यामुळे ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग भरलीत. त्या हसण्याची माफी तुम्हाला हवी असेल तर ती मिळणार नाही.

पण एक तुम्हाला माहीत नाही. घरी येताना गाडीत आरवने विचारलं, "व्हाय डिड यू लाफ, ममा?" मी म्हटलं, ठसका लागला. तेव्हापासून तो मला आई मानत नाही. बाबा थोर, आणि त्यांना हसून घराबाहेर घालवणारी ही बाई. जेवायला वाढलं तर 'थँक यू' म्हणतो, हॉटेलात वेटरला म्हणावं तसं. दोन वर्षं मी ते गिळलं, ते तुमची पत राहावी म्हणून. आता बोला, कुणाच्या मनातून कोण उतरलंय.

व्हिसासाठी कागद जून संपायच्या आत जायला हवेत म्हणे. तोवर तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन, आणि मग तो तुमच्याबरोबर येणार नाही.

कुंदा


अल कुसैस
६ जून २००३

वासुदेव,

पत्र आलं नाही, फोन आला नाही. आज शुक्रवार. सकाळी आरव नाश्त्याला बसला तेव्हा मी समोर बसले आणि सुरुवात केली. म्हटलं, तुझ्या बाबांनी त्या डोंगरावर बूट कुणाला दिला नव्हता.

तो पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होता. खाणं न थांबवता म्हणाला, "आय नो, ममा. आय सॉ."

मला आधी वाटलं, ॲल्फ्रेडने सांगितलं असेल. तसं नव्हतं. त्या दिवशी गॅलरीत मोठी दुर्बीण होती, नाणं टाकून बघायची. एका म्हाताऱ्या बाईने त्याच्यासाठी नाणं टाकलं आणि त्याला उचलून धरलं. निळा कोट त्याला लगेच सापडला. तुम्ही खाली बसलात, बूट काढलेत, काहीतरी मांडलंत, हात जोडलेत, सगळं त्याने पाहिलं. त्याला वाटलं तिथे देऊळ आहे. मग बूट निघाला. "इट वॉज सो स्लो, ममा. अँड देन इट वॉजन्ट देअर." नाणं संपलं आणि काळोख झाला. मी चॉकलेट घेऊन आले तेव्हा त्याने मला काही सांगितलं नाही, कारण बाबांना ओरडा बसला असता.

मी विचारलं, मग सत्काराच्या वेळी? म्हणाला, सगळे टाळ्या वाजवत होते, मीपण वाजवल्या. तू काही बोलली नाहीस, मला वाटलं आपण घरातल्यांनी बोलायचं नसतं. आणि हसलीस तेव्हा राग आला तो हसण्याचा नव्हता. तू ठसका लागला म्हणालीस, त्याचा होता. दोघं मिळून मला मूर्ख समजता, असं वाटलं.

जिभेला धार आहे असं तुम्ही नेहमी म्हणता, ती तेव्हा कुठे गेली होती कुणास ठाऊक. मी पाणी आणायला म्हणून उठले आणि ओट्यापाशी उभी राहिले.

मग विचारलं, एवढं सगळं माहीत असून तुला त्यांच्याबरोबर जायचंय कशाला. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत देते, माझ्या शब्दांत आलं तर कडू होईल.

"ममा, ही इज स्केअर्ड ऑफ दॅट प्लेस. तो ग्रुप्स घेऊन तीनदा झरमॅटला गेलाय, पण एकदाही केबल कारमध्ये बसला नाही. रशीदा आंटीने मला सांगितलंय. लोकांना वर पाठवतो आणि स्वतः खाली हॉटेलमध्ये बसतो. आता फर्स्ट टाइम वर जायचं म्हणतोय, आणि फक्त माझ्याबरोबर. नो ग्रुप, नो कॅमेरा. आय थिंक तिथे जाऊन त्याला मला सांगायचंय. सो लेट हिम."

तीनदा गेलात आणि खालीच बसलात, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या फोटोंत ते कधी दिसलं नाही. एरवी यावर मी पानभर लिहिलं असतं, आज राहू दे.

मुलाला तुमच्याबद्दल खात्री आहे. मला नाही. तुम्ही वर जाल, फोटो काढाल, हवापाण्यावर बोलाल आणि खाली याल, असंच मला वाटतं. गेली सात वर्षं बघून माझं हे मत झालंय आणि ते एका नाश्त्यात बदलत नाही. तसं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, मग त्याला कळव की मला माहीत आहे, म्हणजे त्याला सोपं जाईल. पंधरा वर्षांचा मुलगा बापाची भीती घालवायची तजवीज करतोय, आणि बाप अबू धाबीत लोकांना निर्भयतेचे धडे देतोय. याचं हसू आलं, तेही मी दाबलं नाही. तोही हसला. खूप दिवसांनी.

म्हणून कळवते. कागदावर सही केली आहे, सोबत पाठवते. गाइड ठरवून त्याचं नाव आरवला कळवा, मला नको. त्याला थंडी वाजली की तो सांगत नाही, ओठ बघायचे. दोरावर त्याला तुमच्या आणि गाइडच्या मध्ये ठेवा.

आणि सोपं जाईल म्हणून गप्प बसू नका. त्याला माहीत आहे तर आता कशाला बोलायचं, असा विचार तुमच्या डोक्यात एव्हाना येऊनही गेला असेल, मी तुम्हाला ओळखते. तसं केलंत तर परत आल्यावर मुलाला दारात सोडून तिथूनच जा. वर पोचलात की त्याला सगळं सांगा, नारळापासून इटालियन बाईपर्यंत, त्याला यातलं काहीच ठाऊक नसल्यासारखं. तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकेल. सात वर्षं त्याने दुसरा कसला सराव केलेला नाही.

कुंदा